गरज सरल्यावर मारलेले देवमासे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या मशीन शॉपमध्ये मी टर्नर म्हणून उमेदवारी केली, तिथं सुपरवायझरच्या टेबलावर एक जुनं इंग्रजी हँडबुक असायचं. पानं पिवळी पडलेली, कडांवर तेलकट अंगठ्यांचे डाग. कुठल्या धातूवर काम करताना कुठलं तेल सोडायचं, याची त्यात एक यादी होती. पोलादावर आटे पाडायचे तर हे, रीमर फिरवायचा तर ते. त्या यादीत डुकराच्या चरबीच्या तेलाशेजारी स्पर्म ऑइल लिहिलेलं होतं. आमच्याकडं तोवर पाण्यात कालवायचं सोल्युबल ऑइल आलं होतं, त्यामुळं कुणी त्या ओळीकडं बघत नसे. निवृत्तीनंतर वाचनालयात बसायला सवड मिळाली आणि तेव्हा मला समजलं, की ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या अंगातल्या चरबीतून आणि त्याच्या अवाढव्य डोक्यातून काढलेलं तेल.

तेव्हापासून या विषयानं माझी पाठ सोडलेली नाही. बेळगावात राहून, समुद्रापासून घाटाच्या या बाजूला, देवमाशांवर एवढं काय लिहायचं, असं घरातही विचारतात. भाचा तर म्हणाला, "काय वो मामा, तेलासाठी एवढं मोठं जनावर मारत होते काय?" मारत होते. नुसतं मारत नव्हते, जगभर मारत होते आणि शेवटी आपल्या समुद्रातही येऊन मारून गेले. ते सगळं एकदा सलग लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी तेलाबद्दल, कारण तो माझा प्रांत. मोठ्या नराच्या डोक्यात दीड हजार लिटरहून जास्त तेलकट द्रव असतो. गार झाला की त्यातून पांढरं मेण वेगळं होतं. या मेणाच्या मेणबत्त्या धूर न करता, वास न येता, एकसारख्या जळत. इतक्या एकसारख्या, की १८६० मध्ये इंग्लंडमध्ये प्रकाश मोजायचं मापच तिच्यावर बांधलं गेलं. पौंडाच्या सहाव्या हिश्श्याची, ताशी १२० ग्रेन जळणारी या मेणाची मेणबत्ती जेवढा उजेड देते तेवढा एक कॅन्डल पॉवर. टॉर्चच्या खोक्यावर आजही 'लाख कॅन्डल पॉवर' छापलेलं दिसतं. मेण काढून उरलेलं तेल पातळ असे. थंडीत ते घट्ट होत नसे आणि त्याची चिकट राळ बनत नसे. घड्याळं, शिवणयंत्रं, सूतगिरण्यांचे स्पिंडल या नाजूक, वेगानं फिरणाऱ्या जागांना ते फार मानवे. गंधक मिसळून केलेलं तेल तर प्रचंड दाबाखालीही दोन धातूंच्या मधून हटत नसे. म्हणून गिअर आणि कटिंगच्या कामात त्याला मान होता. ज्यानं बेअरिंग जळताना बघितलंय, त्याला या गुणांची किंमत कळेल.

म्हणजे ते तेल चांगलं होतं, यात वाद नाही. पण गरज होती म्हणून माणसानं देवमासे मारले आणि गरज संपल्यावर थांबला, अशी जी समजूत आहे ती हिशेबात टिकत नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच, आणि ते आकड्यांनीच सांगतो.

सुरुवात युरोपातल्या बास्क लोकांपासून होते. अकराव्या शतकाच्या सुमारास ते बिस्केच्या उपसागरात राइट व्हेल मारत. हा देवमासा सावकाश पोहतो, किनाऱ्याजवळ येतो आणि मेल्यावर तरंगतो. सोळाव्या शतकात तेच लोक अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर पोचले. तिथल्या रेड बे या खाडीत त्यांच्या भट्ट्यांचे अवशेष आणि १५६५ मध्ये बुडालेलं जहाज सापडलंय. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज उत्तर ध्रुवाजवळ स्पिट्सबर्गनला गेले आणि बोहेड व्हेलच्या मागं लागले. मग अमेरिकेची नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरं पुढं आली. १८४६ च्या सुमारास अमेरिकेची सातशेवर गलबतं या धंद्यात होती. एकेक सफर तीन-चार वर्षांची. वल्ह्यांच्या होडीतून जवळ जाऊन हातानं भाला फेकायचा. माणसंही मरत. १८२० मध्ये एसेक्स नावाचं जहाज एका स्पर्म व्हेलनं धडका देऊन बुडवलं, तेव्हा उरलेले खलाशी महिनोन्‌महिने उघड्या होड्यांत भरकटले.

या सगळ्या शिडांच्या काळात, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मिळून, सुमारे तीन लाख स्पर्म व्हेल मारले गेले असा अंदाज आहे.

१८५९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकनं खणलेल्या विहिरीला खनिज तेल लागलं. रॉकेल आलं. दिव्यासाठी देवमासा मारायचं कारण तिथंच सरलं. अमेरिकेचा धंदा ओसरलाही. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण पुढच्याच दशकात नॉर्वेतल्या टॉन्सबर्गचा स्वेन फॉइन वाफेच्या बोटीवर तोफ बसवण्याच्या खटपटीत होता. निळा देवमासा आणि फिन व्हेल हे तोवर माणसाच्या आवाक्याबाहेर होते. वल्ह्यांच्या होडीला त्यांचा वेग गाठता येत नसे आणि मेल्यावर ते बुडत. फॉइननं एकेक अडचण सोडवली. वेगाला वाफेचं इंजिन दिलं. भाल्याच्या टोकाला स्फोटक बसवलं, ते शरीरात शिरल्यावर फुटायचं आणि भाल्याचे आकडे आत उघडायचे. जनावरानं दिलेला हिसका दोरावर येऊन दोर तुटू नये म्हणून धक्का शोषणारी योजना केली आणि ओढायला विंच लावला. पुढं मेलेल्या देवमाशाच्या पोटात हवा भरून त्याला तरंगत ठेवायची युक्तीही रूढ झाली. मी जन्मभर यंत्रांत हात घातलेला माणूस आहे. ही रचना कागदावर बघितली की तिच्यातली अक्कल मला कळते, आणि ती कळते म्हणूनच जास्त त्रास होतो. एकेक सुटा भाग हुशारीनं केलेला आहे. आणि सगळे जुळले की समोर जगातलं सर्वांत मोठं जनावर आहे, ज्याची गाभण मादी जवळजवळ वर्षभरानं एकच पिल्लू देते आणि पुढचं दोन-तीन वर्षांनी.

यंत्र तयार होतं, गिऱ्हाईक नव्हतं. तेही मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची प्रक्रिया निघाली. आपल्याकडं वनस्पती तेलापासून डालडा ज्या प्रक्रियेनं झाला, तीच ही. त्यामुळं देवमाशाच्या चरबीचं वास मारणारं पातळ तेल पांढरं, घट्ट आणि बिनवासाचं झालं. युरोपात त्याचं मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी खायचा पदार्थ, आणि साबण होऊ लागले. साबण करताना निघणारं ग्लिसरीन पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी गेलं. शेंगदाणा, खोबरेल, सोयाबीन, पामतेल हे सगळं जगात होतं. देवमाशाचं तेल फक्त स्वस्त पडत होतं.

१९०४ मध्ये कार्ल आंतोन लार्सननं अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकेनला कारखाना घातला. त्या एका बेटावरच्या कारखान्यांत १९६५ पर्यंत १ लाख ७५ हजार २५० देवमासे कापले गेले. १९२५ मध्ये लान्सिंग हे जहाज आलं. त्याच्या मागच्या बाजूला उतार केला होता आणि त्यावरून अख्खा देवमासा विंचनं डेकवर ओढून घेता यायचा. आता किनारा लागत नव्हता, कुठल्या सरकारचा परवाना लागत नव्हता. भर समुद्रात मारा, कापा, उकळा, पिंपं भरा. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिक समुद्रात २९ हजारांवर निळे देवमासे मारले. तेल इतकं झालं की भाव कोसळले आणि पुढच्या हंगामात नॉर्वेची बहुतेक जहाजं बंदरातच उभी राहिली. खपापेक्षा जास्त तेल निघत असताना मारलेली ती जनावरं.

आता स्पर्म व्हेलकडं परत येतो. शिडांच्या काळात दोनशे वर्षांत जेवढे मारले, तेवढेच, म्हणजे तीन लाख, विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-बासष्ट वर्षांत मारले गेले. आणि मग १९७२ पर्यंतच्या पुढच्या दहा वर्षांत पुन्हा तितकेच. रॉकेल येऊन शंभर वर्षं झाली होती. विजेचे दिवे घरोघर होते. अवकाशात माणूस जाऊन आला होता. आणि अमेरिकेतल्या मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अजून स्पर्म ऑइलचा अंश होता. १९७० नंतर तिथं बंदी आली, तशी रसायनशास्त्राच्या लोकांनी थोड्याच वर्षांत पर्याय काढले. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल जवळजवळ त्याच जातीचं निघालं. काढायचं ठरवल्यावर निघालं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

सगळ्या जाती धरून विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले.

मग कुणी हिशेब ठेवत नव्हतं का? ठेवत होते. १९४६ मध्ये वॉशिंग्टनला करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन उभं राहिलं. या कमिशननं मारायची मर्यादा ठरवली, पण ती 'निळा देवमासा एकक' या मापात. एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई व्हेल. हंगामाला १६ हजार एककं. निपाणीचा तंबाखू, चिकोडीचा ऊस आणि खानापूरचा भात एकाच काट्यावर घालून 'एवढे टन पीक आलं' म्हणावं, तसा हा हिशेब. कुठली जात किती उरली, हे त्यात दिसतच नव्हतं. एकक तेलाचं होतं, जनावराचं नव्हतं. शिवाय तो आकडा सगळ्या देशांना मिळून होता. त्यामुळं हंगाम उघडला की जो आधी मारेल त्याचं. निळा देवमासा दुर्मीळ झाला तरी फिन मारता मारता एखादा दिसला, की तोही जायचा, कारण तो एकटा दोघांच्या बरोबरीचा.

आणि बोटीवरचा निरीक्षक ज्याच्या त्याच्या देशाचाच असे. सोव्हिएत संघानं अंटार्क्टिक भागात २,७१० हंपबॅक मारल्याचं कळवलं होतं. खरा आकडा ४८ हजारांवर होता. बोटींना योजनेचं उद्दिष्ट दिलेलं असे, ते ओलांडलं की बक्षीस, आणि पुढच्या वर्षी उद्दिष्ट वाढवलेलं. कापायला वेळ नसला की चरबी घेऊन उरलेलं धूड समुद्रात लोटून देत. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हे जगापुढं मांडलं. ते मांडता आलं कारण त्या बोटींवर काम केलेल्या काही जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. खोट्या वहीच्या कारखान्यात बसून खरी वही जपायला काय लागतं, हे नोकरी केलेल्या कुणालाही समजेल.

त्याच नोंदींत आपला समुद्र आहे.

१९६५-६६ मध्ये, आणि त्यातही मुख्यतः १९६६ च्या नोव्हेंबरात, सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या पाण्यात. तेव्हा हंपबॅक मारायला बंदी होती. बोटीवर असलेले युरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये त्या नोंदी छापल्या. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापं त्यात होती. त्यावरून कळलं की या देवमाशांचं पिल्लं देण्याचं वर्षचक्र उत्तर गोलार्धाचं आहे. म्हणजे हे अंटार्क्टिकातून आलेले पाहुणे नव्हते. ते इथलेच.

जगातले बाकी हंपबॅक खायला ध्रुवाकडं जातात आणि विणीला उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले कुठं जात नाहीत. त्यांना जायची गरज नाही, कारण आपला मान्सून त्यांना इथंच खायला घालतो. कणकुंबी-जांबोटीला जो पाऊस झोडपतो, तो ज्या नैर्ऋत्य वाऱ्यानं येतो, त्याच वाऱ्यानं ओमानच्या किनाऱ्यालगत खोलवरचं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर तारली, आणि तारलीवर हे देवमासे. आनुवंशिक अभ्यास सांगतो की ही शाखा सुमारे ७० हजार वर्षं बाकीच्यांपासून वेगळी राहिलेली आहे. चोर्ला घाटात धुक्यात गाडी उभी करून खाली बघताना मला हल्ली हे आठवतं. जो वारा माझ्या अंगावर येतोय, तोच त्यांना ७० हजार वर्षं पोसतोय.

ओमानजवळ केलेल्या गणनेत ते शंभराच्या आत निघाले. एवढ्या छोट्या कळपातून काही आठवड्यांत दोनशेवर जनावरं गेली तर काय होणार? साठ वर्षं होत आली. ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक साडेचारशेच्या आसपास घसरले होते, ते बंदीनंतर पंचवीस हजारांच्या घरात गेले. ते वाचून मला खरंच भरून आलं, कारण संधी दिली तर हे जनावर परत येतं. पण आपले आलेले नाहीत. आता त्यांना भाला नाही, पण जाळी आहेत आणि मालवाहू जहाजं आहेत. २०१७ मध्ये ओमानच्या संशोधकांनी लुबान नावाच्या एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं, तर ती अरबी समुद्र ओलांडून केरळच्या किनाऱ्याजवळ आली आणि पुन्हा ओमानकडं गेली. म्हणजे येणं-जाणं अजून आहे.

निळ्यांचं सांगायचं तर अंटार्क्टिकात एके काळी अंदाजे २ लाख ३९ हजार होते, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३६०. शेकडा एकही नाही. नव्वदच्या दशकाअखेर ते २,२८० च्या आसपास आले. वाढ आहे, पण किती पिढ्या लागतील, ते तुम्हीच बघा. देवमाशांच्या कानात मेणाचे थरावर थर साठतात आणि त्यांत त्या त्या वर्षांची रसायनं राहतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या थरांतलं ताणाचं संप्रेरक मोजलं, तर ज्या वर्षांत शिकार जास्त, त्या वर्षांत ताण जास्त. ज्यांना भाला लागला नाही, त्यांच्या अंगातही ती वर्षं नोंदलेली आहेत.

१९७९ मध्ये सेशेल्स या चिमुकल्या देशाच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर अभयारण्य ठरला. भारत १९८१ मध्ये कमिशनचा सदस्य झाला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचा ठराव झाला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो लागू झाला. नॉर्वे आणि आइसलँडनं तो पुरता मानला नाही. जपाननं संशोधनाच्या नावाखाली मारणं चालू ठेवलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अंटार्क्टिकातला तो कार्यक्रम संशोधन ठरत नाही असा निकाल दिला. २०१९ मध्ये जपान कमिशनमधून बाहेर पडला आणि आपल्या पाण्यात उघडपणे शिकार करू लागला. २०२४ मध्ये त्यासाठी नवं कारखाना-जहाजही उतरवलं. आज त्या मांसाशिवाय कुणाचं अडलेलं नाही. आणि तरीही.

आमच्या हिचं माहेर वेंगुर्ल्याचं. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत आम्ही खाली उतरतो. मेहुणा मासेमारी करतो. त्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "भावोजी, माज्या बापाशीन एकदा बघलल्यान. होडयेच्या बाजूक इलो, श्वास सोडल्यान आनि गेलो. आमका कायएक केल्यान नाय." २०१५ मध्ये देवमासे-डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या कोकण सिटेशियन रिसर्च टीमला सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या बाजूला निळे देवमासे दिसले, तेव्हा ही बातमी मी त्यालाच आधी कळवली. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत अडकलं होतं. लोकांनी दिवसरात्र त्याच्या अंगावर पाणी मारलं, ओली कापडं घातली, टगबोटीनं ओढून खोल पाण्यात नेलं. ते जगलं नाही. पण तिथं जमलेली माणसं त्याला वाचवायला जमली होती, हे मी विसरू शकत नाही.

दुसरीकडं व्हेलच्या उलटीच्या तस्करीत तरुण पोरं पकडल्याच्या बातम्या कोकणपट्टीतून वारंवार येतात. ही उलटी, म्हणजे अंबरग्रीस, हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो बाळगणं, विकणं दोन्ही गुन्हा आहे. किलोला कोटीचा भाव ऐकून आपल्या भागातल्या पोरांनी या नादाला लागू नये, असं मी कळकळीनं सांगतो.

मेहुण्याकडून एक चांगली माहिती मिळाली, ती इथं नोंदवतो. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून अशी योजना आहे, की संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. वेंगुर्ले, निवती, मालवण, देवगडकडं ज्यांचे नातेवाईक समुद्रात जातात त्यांनी हे त्यांच्या कानावर घालावं. आणि सहलीला गेलेल्या कुणाला पाण्यात फवारा किंवा पाठ दिसली, तर होडी जवळ नेऊ नका. तारीख, वेळ, जागा, कुठल्या दिशेनं गेला एवढं लिहून ठेवा, फोटो काढा आणि तिथल्या वनखात्याला कळवा. अरबी समुद्रातल्या हंपबॅकची यादी अजून फार लहान आहे, तीत एका जनावराची जरी खरी नोंद वाढली तरी ती हवी आहे.